पाय आठचा, बूट सातचा

नाही साहेब, सात नंबर मी देणार नाही. आहे की — मागच्या फळीवर डबे पडलेत — पण तुमचा पाय आठचा, आत्ताच मापला ना तुमच्यादेखत? आठ ढिला वाटतो म्हणता. पायात बूट आहे असं वाटतच नाही. आणि सातात कसं, पाय धरून ठेवल्यासारखं वाटतं — बरोबर? बसा जरा. मालक जेवायला गेलेत, आपण दोघंच आहोत, आणि हे बोलणं मी आधी कुठंतरी ऐकलंय. कुठं काय — माझ्याच तोंडून.

मीसुद्धा घट्ट बूट घालायचो. जन्म गेला लोकांच्या पायात बूट चढवण्यात — गिऱ्हाईक दोन पावलं चाललं की कुठं चावेल ते मी सांगणार — आणि स्वतःचा पाय? दिव्याखाली अंधार. मुंग्या यायच्या, म्हटलं दिवसभर उभं राहून येतात. मग अंथरुणावर पडलं की तळव्यांची आग, चादर लागली तरी जीव जायचा — आणि दिवसा म्हणाल तर कापसावर चालल्यासारखं. एकाच पायाला दुखणं आणि बधिरपण दोन्ही, असलं नाटक आमच्याच पायांना जमावं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नसा खराब झाल्यात, एक नाही, पुष्कळ — पायाकडे जाणाऱ्या सगळ्यात लांब, म्हणून आधी त्या, मग हातांची पाळी. साखरेमुळं. साखर आहे हे मला माहीत होतं हो — पण मी तिला पाहुणी समजलो, राहील चार दिवस आणि जाईल. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात ना? इथं जळत माझंच होतं आणि कळत मलाच नव्हतं.

हा बघा, नव्या बुटाच्या टोकात असा कागदाचा बोळा असतो. तो काढल्याशिवाय मी कुणाच्या पायात बूट दिलेला नाही. आणि स्वतःसाठी नवा जोड घेतला, तर बोळ्यासकट चढवला. दिवसभर मिरवला — म्हटलं, वा, काय पक्का बसलाय. घरी बायकोनं मोजा ओढला, तर अंगठ्याला ही एवढी जखम. जखम काही भरली नाही, अंगठा गेला. हसा, हसा, मीही हसतो. बुटाच्या दुकानातला माणूस, आणि कागदाच्या बोळ्यानं आडवा झाला. मालकांना मात्र सांगितलं, कुरूप कापलं. अंगठ्याएवढं कुरूप — त्यांनी विश्वासही ठेवला. तुम्ही बोलू नका हं त्यांच्याजवळ.

आता रोज घरी तपासणी. बायको आरसा घेऊन खाली बसते, तळवे बघते, बोटांच्या बेचक्या बघते. उभ्या संसारात तिला पायाला हात लावू दिला नव्हता — आता म्हणते, इकडे करा पाय. मध्येच बोटानं टोचते, विचारते, कळलं? मी म्हणतो, कळलं. कसलं कळतंय — तिच्या खांद्यावर नजर ठेवतो, हलला की म्हणतो. परवा खांदा हलला, मी लगेच म्हटलं, कळलं — तर ती केस मागे सारत होती. रागावली असती तर बरं झालं असतं. नुसती पाय धरून बसून राहिली. आणि साहेब, तिनं पाय धरलाय हेही मला बघूनच कळत होतं. फार वाईट वाटलं त्याचं.

जाऊ द्या, कुठल्या कुठं वाहवलो. मुद्दा काय, पायाला बूट कळेनासा झाला की घट्टच बरा वाटतो. तुम्हाला साखरबिखर? तपासलीच नाही? थकवा आहे नुसता — हो, मीही थकवाच म्हणायचो. बरं, डावा मोजा काढा. बूट देतो हो, आधी मोजा. लाजता कशाला, पाय बघण्यातच हयात गेली माझी. राहू द्या, वाकू नका, मीच ओढतो —

इथं दुखतं?

आणि इथं, दाबतोय मी — काहीच नाही?

नाही, खाली नका बघू. माझ्याकडे बघा. मोजा चिकटलाय, मी ओढत नाही आता. घरी कोण असतं? मुलगी? मग तिला बोलवा, आणि इथनं थेट दवाखान्यात जा, घरी जाऊन मग बघू असं नाही. बूट? बूट नाही मिळणार साहेब, सातचाही नाही आणि आठचाही नाही. लावा फोन.