वीटभट्टीपाशी संपलेला नकाशा

मंडळी, ऐका! पूर्वरंग झाला, नामाचा महिमा झाला, बुक्का लागला, हार पडला. आता मांडी नीट घाला आणि माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. माणूस वाट का चुकतो? सांगा की! रस्ता माहीत नसतो म्हणून चुकतो? का... का रस्ता विचारायचा नसतो म्हणून चुकतो?

नाही नाही, पाटील, तुम्ही मान हलवू नका. तुम्ही मागच्या खेपेला आमच्या गावी येताना तीन गावं फिरून आलात, ते वहिनींनी मला सांगितलंय! वहिनी म्हणत होत्या, "अहो, काच खाली करा, त्या माणसाला विचारा." आणि पाटील म्हणत होते, "मला माहितीय!" काय माहिती होतं? डिझेल संपतंय, एवढंच माहिती होतं!

असो. आख्यान पुराणातलं नाही. कागलकडच्या एका गावातलं आहे, आपल्यातुपल्यातलं आहे. नावं मी बदललीत, माणसं बदललेली नाहीत.

रंगराव मगदूम म्हणून एक गृहस्थ. स्वतःचं गुऱ्हाळ. माणूस गुळासारखाच बरं का — आतून गोड, पण वरून असा घट्ट की फोडायला हातोडी लागावी! बायको हौसाबाई. आणि एकुलती एक लेक, वैजयंता. सगळं गाव तिला वैजू म्हणायचं.

एका पाडव्याला रंगरावांनी गाडी घेतली. साधीसुधी नव्हे! गाडीच्या पोटात सिमकार्ड. समोर एवढा मोठा पडदा, पडद्यावर नकाशा, आणि नकाशात बसलेली एक बाई — "शंभर मीटरवर उजवीकडे वळा!" शिवाय फोनवर एक ॲप. गाडी कुठं उभी आहे, दार लागलंय का, चाकात हवा किती, सगळं घरबसल्या कळणार! शोरूममधला पोरगा म्हणाला, "काका, मोबाईल नंबर द्या, ॲप त्याच्यावर चालू होईल." रंगरावांकडं बटणांचा फोन. त्यावर फक्त हॅलो चालू होतं! मग वैजूनं आपला नंबर दिला. गाडी आप्पांची, ॲप लेकीच्या फोनमध्ये. लक्षात ठेवा हं, पुढं सगळं याच्यावरच आहे.

रंगरावांचं त्या नकाशातल्या बाईवर भारी प्रेम! ती म्हणाली डावीकडं, की डावीकडं. शेतात जायला सुद्धा तिला विचारायचे. स्वतःच्या शेतात! हौसाबाई फणकारायच्या, "माझं कवा ऐकलं न्हाई, आनि ह्या सटवीचं बरं ऐकताय!" रंगराव म्हणायचे, "अगं, ती उलट बोलत न्हाई."

का हो आयाबायांनो, हसताय? हसा! पण घरी जाऊन भांडू नका, माझं नाव निघतं.

तर असं सुखाचं चाललं होतं. आणि त्याच वर्षी वैजूनं लग्न केलं. आपलं आपण, कचेरीत जाऊन सह्या करून. मुलगा कसा? तर सोन्यासारखा. मिलिंद त्याचं नाव. मिरजेत दवाखान्यात एक्स-रे काढायचा. व्यसन नाही, आवाज चढवणं नाही. मग अडलं कुठं? जात वेगळी! बस्स. तेवढंच. माणसाच्या आतली हाडं काढून दाखवणारा जावई, आणि सासरा विचारतोय वरची जात! आता सांगा, एक्स-रेमध्ये जात दिसते का हो? मी तरी अजून पाहिली नाही.

रंगराव म्हणाले, "मला लेक न्हाई." झालं! बोलणं बंद. घरात तिचं नाव काढायचं नाही. हौसाबाई परसात जाऊन फोनवर बोलायच्या, कुजबुजत. स्वतःच्या लेकीशी, चोरासारखं!

पण मंडळी, गंमत बघा. लेकीचं नाव घरातून काढलं, गाडीतून काढायचं राहिलं! ॲप वैजूच्या फोनवर तसंच चालू. तिकडं मिरजेत ती पोर सकाळी उठली की देवाला नमस्कार करायची आणि ॲप उघडायची. नकाशावर एक निळा ठिपका. तो ठिपका म्हणजे तिचे आप्पा! ठिपका गुऱ्हाळावर — आप्पा कामावर गेले. ठिपका बाजारात — आज बाजार. ठिपका हलतच नाही — आप्पांना बरं नाही का? मग परसातला फोन वाजायचा. "आई, आप्पांनी गाडी काढली न्हाई आज?" हौसाबाई चक्रावायच्या, "तुला गं कसं कळलं?" ती म्हणायची, "असंच. वाटलं."

बोलत नाही म्हणून माया थांबते का हो? दार बंद केलं तर ती फटीतून येते! मला तर वाटतं, देव सुद्धा आपल्याकडं असाच बघत असेल. आपण त्याच्याशी बोलत नाही, पण आपला ठिपका कुठं आहे ते तो रोज उघडून बघतोय.

फक्त देवाचं ॲप बंद पडत नाही. हिचं पडायचं! कधी म्हणे 'गाडीशी संपर्क नाही'. कधी कालची जागा आज दाखवायची. एकदा तर ठिपका थेट दूधगंगेच्या पात्रात! मधोमध! पोरीच्या हातातून चहाचा कप पडला. फोन केला तर हौसाबाई म्हणाल्या, "आप्पा? हे काय, भाकरी खात बसल्यात, ठेच्याला नावं ठेवत." तेव्हापासून वैजूचा त्या ॲपवरचा विश्वासच उडाला.

आणि मग एका दुपारी तिनं ॲप उघडलं तर ठिपका कुठं? मिरजेत! तिच्या वसाहतीच्या अलीकडं जी वीटभट्टी आहे, तिथं! हाकेच्या अंतरावर! पोरीनं बघितलं आणि काय म्हणाली? "पुन्हा बिघडलं मेलं!" फोन पालथा घातला. धावत गॅलरीत नाही गेली. काही दिवसांनी पुन्हा तेच, ठिपका वीटभट्टीवर. तिनं कंपनीला फोन लावला. तिकडून गोड आवाज आला, "मॅडम, एकदा बंद करून पुन्हा चालू करून बघा." अहो, बाप असा बंद करून पुन्हा चालू करता आला असता, तर तिनं केव्हाच केला नसता का?

आता तुम्ही विचाराल, बुवा, ॲप खरंच बिघडलं होतं का? तबलजी, जरा थांबा. इथं ठेका नको. हे शांतपणे ऐका.

ॲप त्या दिवशी खरं बोलत होतं!

रंगराव खरंच आले होते! हौसाबाई परसात बोलताना वसाहतीचं नाव त्यांच्या कानावर पडलं होतं. बाजाराला जातो म्हणून निघाले, मागच्या सीटवर गुळाची ढेप ठेवली, आणि नकाशातल्या बाईला म्हणाले, "चल, ने." बाईनं आणलं. पण तिच्या पोटातला नकाशा जुना! वसाहत नवी. बाईच्या लेखी तिथं रस्ता नाही, घर नाही, काही नाही. वीटभट्टीपाशी आणून म्हणाली, "तुम्ही तुमच्या ठिकाणी पोहोचला आहात." रंगरावांनी काच खाली केली. समोर काय? विटांची थप्पी आणि दोन गाढवं! भट्टीवरची एक बाई डोक्यावरची पाटी उतरवून पुढं आली. "कुणाकडं जायचंय, पाव्हणं?"

मंडळी, किती सोपा प्रश्न! उत्तर द्यायला किती अवघड! काय सांगणार? लेकीकडं? ती तर नाही म्हणून सांगितलेलं. जावयाचं नाव घ्यायचं? ते ओठावर येईना. रंगराव म्हणाले, "कुणाकडं न्हाई. इंजिन गरम झालंय." आणि गाडी वळवली. ढेप परत घरी! असं एकदा नाही, अनेकदा झालं. नव्याकोऱ्या गाडीचं इंजिन, आणि गरम व्हायचं ते नेमकं त्याच भट्टीपाशी.

मग ते शोरूमला गेले. "नकाशा जुना आहे तुझा." पोरगा म्हणाला, "काका, अपडेट करून घ्या ना. इथं बटण दाबा, म्हणजे ज्या नंबरवर गाडीची नोंद आहे त्या फोनवर परवानगी मागितली जाईल. त्यांनी हो म्हटलं की नकाशा नवा." रंगरावांनी विचारलं, "नंबर कुणाचा हाय?" पोरग्यानं बघून सांगितलं, "वैजयंता मगदूम. घरातल्याच ना?" रंगराव म्हणाले, "ऱ्हाऊ दे. जुनाच बरा." सगळं कळतंय, पण एक बटण दाबवेना! लेकीकडं परवानगी मागायची म्हणजे आपलं चुकलं म्हणायचं. त्या एका शब्दापायी माणूस गाढवांना भेटून परत यायला तयार!

आणि मग सातवा महिना लागला. वैजूला! मिलिंदच्या आईनं हौसाबाईंना फोन केला, "विहीणबाई, डोहाळजेवण ठेवलंय. माहेरच्या ओटीशिवाय पोरीला ताटावर बसवणार नाही, तुम्ही आलंच पाहिजे." हौसाबाईंनी हिरवी साडी आणली, खण-नारळ बांधला, आणि नवऱ्यापुढं उभ्या राहिल्या. या वेळी परसात नाही, पुढच्या सोप्यात! "मी चालले. एसटीनं. अडवायचं असंल तर आत्ताच अडवा." रंगराव उठले, टोपी घातली, ढेप उचलली, चावी घेतली. "गाडी काय शोभंला हाय व्हय? बस."

बाईनं आणलं वीटभट्टीपाशी. "तुम्ही तुमच्या ठिकाणी पोहोचला आहात!" हौसाबाई म्हणाल्या, "कुठं पोचलोय? उतरा, इचारा." रंगराव खाली बघत म्हणाले, "थांब. नकाशा नवा करतो." आणि दाबलं! एकदाचं दाबलं ते बटण!

तिकडं वैजू फुलांच्या झोपाळ्यावर बसलेली. अंगावर फुलांचे दागिने, आणि सारखी नजर दाराकडं. फोन वाजला. 'आपल्या वाहनाचा नकाशा नवा करण्याची विनंती आली आहे. मंजूर? नामंजूर?' पोर बघतच राहिली. ठिपका बिघडू शकतो, नदीत पडू शकतो, पण विनंती आपोआप येत नाही! गाडीत बसून कुणीतरी हातानं दाबल्याशिवाय येत नाही! आप्पा आलेत. आप्पा परवानगी मागतायत! तिला डोळ्यांपुढचं दिसेना. 'मंजूर' कुठं आहे ते शेजारच्या बाईला दाखवावं लागलं.

झालं ना? आता नकाशा यावा, गाडी दारात यावी, आणि बुवांनी गजर करावा! नाही मंडळी. पडद्यावर ते चक्र फिरायला लागलं. फिरतंय... फिरतंय... अडकलं! आणि अक्षरं आली: 'अपडेट अयशस्वी. कृपया नंतर प्रयत्न करा.'

रंगराव त्या अक्षरांकडं बघत बसले. हौसाबाईंच्या मांडीवर ओटीचं साहित्य, आणि तिकडं पोरीला ओटीसाठी थांबवून ठेवलेलं. 'नंतर' म्हणजे कधी? नातवंड चालायला लागल्यावर? भट्टीवरची बाई आली. काचेत वाकली. "कुणाकडं जायचंय?"

रंगरावांनी टोपी काढली. हातात धरली. आणि म्हणाले, "लेकीकडं जायचंय, बाई. माझ्या लेकीकडं. वैजू तिचं नाव. आमच्या मिलिंदरावांचं घर."

आमच्या! मिलिंदरावांचं!

अहो, ती बाई हसली. "मग हितं काय बसलाईसा? भट्टीच्या मागनं चला, दारात मांडव घातलाय बघा." गाडी तिथंच राहिली. ढेप खांद्यावर घेऊन तो घट्ट माणूस पायी निघाला. मिलिंद दारात तांब्या घेऊन उभा. सासऱ्याच्या पायांवर पाणी घालायला वाकला, तर रंगरावांनी त्याला वरच्यावर धरला आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. मोठ्यानं. सगळ्या बायकांच्या देखत.

वैजूनं विचारलं, "आप्पा, घर सापडायला लई त्रास झाला का हो?"

रंगराव म्हणाले, "सापडायला न्हाई गं. इचारायला झाला."

मंडळी... थोडं पाणी द्या मला.

आता तुमच्याकडं बघू द्या. या मंडपात असा एक तरी आहे का, ज्याच्या घरात एक नाव घ्यायचं बंद नाही? भाऊ असेल. जाऊ असेल. बांधावरून तुटलेला मित्र असेल. त्याचं घर कुठं, हे तुम्हाला माहीत आहे हो! त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरलेले इथं किती बसलेत, ते मला दिसतंय. यंत्र तुम्हाला कोपऱ्यापर्यंत आणील. पुढं तोंड आपलं आपणच उघडायचं आहे.

कीर्तन संपलं की देवाच्या नावाचा गजर करायचा असतो. करू या. पण आज जरा थांबा. टाळ खाली ठेवा, पेटी मिटा. आधी प्रत्येकानं ते बंद केलेलं नाव घ्या. मनात नाही! शेजारच्याला ऐकू जाईल असं.

घ्या. मी थांबलोय. तुमचं झालं, की मग देवाचं घेऊ.