जाऊबाईंची अर्धी गोळी

डॉक्टर असताना दवाखान्यात फार्मासिस्ट काय करतो, असं विचारता ना राव? मग ऐका.

तळेघरच्या सखूबाई आमच्याकडं यायच्या. दर महिन्याला गोळ्या नेऊनही त्यांचं बीपी काही उतरेना. डॉक्टर डोस वाढवायला निघाले. मी म्हटलं, "थांबा सर, जरा बोलतो त्यांच्याशी."

"आजी, गोळी रोज घेता ना?"

"रोज. एक येळ देवाचं नाव चुकंल, गोळी न्हाई."

"आख्खी?"

आजी माझ्याकडं बघतच राहिल्या. "आख्खी कशी? घरात जाऊ हाय. तिलाबी चक्कर येती. तिच्यासमोर मी एकटीनं कशी खाऊ?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. पुढच्या खेपेला जाऊबाईंना आणायला लावलं. तपासलं, तर त्यांनाही बीपी. मग दोघींना तीच गोळी दिली, पण वेगवेगळ्या पाकिटात, वर नावं घालून.

महिन्याभरानं दोघींचं बीपी झकास. मी खुशीत विचारलं, "आता जिची तिची गोळी घेता ना?"

"न्हाई बा," सखूबाई म्हणाल्या. "ती तिच्यातली मला देती, मी माझ्यातली तिला. पण आख्खी हं!"