एस्तेरबाईचा कडबा

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. पाथर्डीच्या स्टँडवर गहिनीनाथ नगरच्या गाडीसाठी रांगेत उभा होता. पुढं दोन अनोळखी बायका बोलत होत्या.

“त्या किरिस्ताव एस्तेरबाईचं ऐकलं का? तिच्या कडब्याची गंजी जाळली.”

“आगं बाई! चारा न्हाई कुटं, आन् कडबा जाळला?”

“बांधावरनं भांडान हुतं. फौजदारानं जाळनाऱ्या गड्याला धरून आनलं, तर ही म्हनली, सोडा त्याला, मी माफ केलंय.”

“आन् जनावरं?”

“गाय मेली. बैल इकलं.”

“येडी का खुळी म्हनायची!”

“फौजदार बी तेच म्हनला. तर म्हनती कशी, आमच्या देवानं खिळं ठोकनाऱ्यांना बी माफ केलं.”

“म्हंजी देव बी तसलाच!”

दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. गहिनीनाथनं मान खाली घातली. फौजदारापुढं उभा केलेला गडी तोच होता.

“मग त्यो पाया पडला आसंल तिच्या?”

“पडला आसंल की. मानूसच हाय.”

“न्हाई पडला,” गहिनीनाथच्या तोंडून निघून गेलं.

दोघी वळल्या. “मग?”

“हसला. समद्यांच्या आधी त्योच हसला.”

“तुमाला काय ठावं?”

तेवढ्यात गाडी लागली. लोक चढू लागले, पण त्या दोघी त्याच्याकडं बघत तशाच थांबल्या.

“कडबा म्याच जाळला,” गहिनीनाथ म्हणाला.

त्या गाडीत चढल्या. त्यांच्या शेजारी एक जागा मोकळी होती. गहिनीनाथ नगरपर्यंत उभाच राहिला.