फाटकासमोरची तालीम

(येरवड्याच्या तुरुंगासमोर झाडाखालचा कट्टा. पोराला जामीन मिळालाय. तो आज सुटणार, पण केव्हा ते सांगायला कुणी तयार नाही. आईबाप सकाळपासून बसून आहेत, आणि ऊन डोळ्यांवर आलंय.)

शालन : परत पहिल्यापासून. मी सौरभ. फाटकातून आले. बोला.

कचरू : ये बाळा.

शालन : पप्पा, तुम्ही कशाला आलात?

कचरू : कशाला म्हणजे? बाप आहे मी तुझा!

शालन : चढला बघा आवाज! तो अजून आतच आहे.

कचरू : असं बोलेल का तो?

शालन : भेटीला गेले तेव्हा काय म्हणाला? पप्पा ओरडले तर घरी येणार नाही. आता डोळा लागला, तर स्वप्नातही आला. पहिलीतला, पाठीला दप्तर. भिंत नव्हतीच, नुसतं ऊन.

कचरू : मी होतो का?

शालन : बस घेऊन उभे होतात. सगळी रिकामी, त्याच्या एकट्यासाठी.

कचरू : तीस वर्षं स्वारगेटवरून गाडी काढली. लोक आडवे आले, आईबहिणीवरून बोलले. मी काचेबाहेर तोंड काढलं नाही. आणि यानं एका हॉर्नवरून हेल्मेटनं रिक्षावाल्याचं डोकं फोडलं. कुणाचं घेतलं गं यानं?

शालन : दिवसभर गिळलेलं घरी आणायचात तुम्ही. भाजी अळणी झाली तरी पोराच्या पाठीत.

कचरू : मग अडवायचं होतंस.

शालन : मी टीव्हीचा आवाज वाढवायचे. शेजारी कळायला नको म्हणून. माझी लाज वाटते मला.

कचरू : आता मी सौरभ होतो.

शालन : बरं. ये रे राजा.

कचरू : आई, पप्पा झोपले का?

शालन : असं कधी विचारायचा तो?

कचरू : झोपेत बरळायचा. दाराशी उभा राहून ऐकलंय मी.

शालन : आणि मला सांगितलं नाहीत?

कचरू : काय तोंडानं सांगू?

शालन : अहो, फाटक उघडलं! तोच. केवढा वाळलाय!

कचरू : भलतीकडेच बघतोय. हात वर करू?

शालन : नको. तुमचा हात वर गेला की तो डोकं झाकतो.

कचरू : अजून?

शालन : भेटीला शिपायानं नुसती टोपी सारखी केली, तरी झाकलं. द्या तो हात इकडे, माझ्याजवळ.

कचरू : ये बाळा.

शालन : एवढ्या हळू? ऐकू नाही जायचं त्याला.

कचरू : असू दे. जवळ आला की परत म्हणेन.