लुकसच्या दारावरून जाणारा परमप्रसाद

मंडळी, गाणं नंतर. आधी एक प्रश्न विचारतो. देवाला छातीशी धरून गावभर फिरणारा माणूस देवापासून लांब असू शकतो का? मान हलवू नका इतक्यात! मागच्या त्या मावशी तर लगेच ‘हो’ म्हणाल्या. मावशी, कुणाची आठवण झाली हो?

असू द्या. ऐका!

गाव टाकळी. कोणती टाकळी विचारू नका, नगर जिल्ह्यात टाकळ्या काही कमी नाहीत! तिथं दोन भाऊ. थोरला पास्कल त्रिभुवन, धाकटा लुकस. पास्कल म्हणजे चर्चचा खांब! उपवासकाळात क्रुसाच्या वाटेची प्रार्थना तोच चालवणार, माळेची प्रार्थना तोच सांगणार. आणि दर रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की आजाऱ्यांना परमप्रसाद नेऊन देणार. फादर छोट्या डबीत परमप्रसाद, म्हणजे आशीर्वादित भाकरीच्या पातळ चकत्या, ठेवायचे, डबी पास्कलच्या गळ्यात. सात आजारी, सात घरं. वाटेत कुणाशी बोलायचं नाही, कारण बरोबर प्रत्यक्ष प्रभू आहे. लोक रस्त्यात बाजूला होऊन हात जोडायचे. म्हणायचे, ‘‘काय भक्ती हो पास्कलभाऊची!’’

आणि सातव्या घराकडं जाताना वाटेत लागायचं लुकसचं घर.

लुकस चार महिने अंथरुणावर. पत्र्यावरून पडला, कंबर मोडली. पण पास्कल त्या दारात शिरत नव्हता. का? सहा वर्षांमागं त्यांची आई वारली. लुकस तेव्हा पुण्याला कामावर. निरोप उशिरा मिळाला, एसटी वाटेत बंद पडली. फादरांना पुढच्या गावी जायचं होतं, म्हणून पास्कलनं वाट पाहिली नाही, माती दिली. लुकस पोचला तेव्हा कबरीवर फुलं पडलेली! सगळ्या लोकांदेखत ओरडला, ‘‘तू माझा भाऊच न्हाईस!’’ तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. मंडळी, चूक कुणाची? तुमच्यात दोन गट पडतील, मला माहीत आहे. त्या घरातही पडले.

नवे फादर आले. त्यांनी विचारलं, ‘‘पास्कलभाऊ, लुकसचं नाव यादीत कसं नाही?’’

पास्कल काय म्हणाला? ‘‘त्याला इच्छा नाही, फादर.’’

खोटं! वेदीपाशी उभं राहून, हात जोडून, खोटं!

आणि लुकसची बायको सगुणा दर रविवारी काय करायची? स्टुलावर पांढरं कापड घालायची, मेणबत्ती लावायची, दार उघडं ठेवायची. पास्कल येताना दिसला की उंबऱ्याबाहेर धुळीत गुडघे टेकायची. दिरापुढं नाही हो, त्याच्या गळ्यातल्या प्रभूपुढं! ती बोलायची नाही, वाटेत बोलायचं नसतं. पास्कलही बोलायचा नाही. लोकांना वाटायचं, केवढा आदर! आतलं त्यालाच ठाऊक. सोळा रविवार ती गुडघ्यावर बसली आणि सोळा रविवार तो पुढं गेला.

म्हणा माझ्याबरोबर —

देव माझ्या उराशी।
भाऊ दारी उपाशी॥

हळू म्हणा. टाळ्या नकोत याला.

सतरावा रविवार. सातव्या घराला कुलूप! म्हातारी लेकीकडं गेलेली. डबीत एक परमप्रसाद उरला. घरी नेता येत नाही, चर्चमध्ये परत करायचा. पास्कल मागं वळला. लुकसच्या खिडकीखालून जाताना आतून आवाज आला —

‘‘सगुणा, उचल ते कापड. इथून पुढं घालू नको.’’

‘‘का वो?’’

‘‘मी लायक न्हाई, म्हनून फादर पाठवत न्हाईत. चार म्हैने झाले, मी आठवतोय. असं कोन्तं पाप केलं म्या? सापडंना गं मला.’’

मंडळी! निजलेला माणूस स्वतःचं आयुष्य उलटंपालटं करून पाप शोधत होता. आणि ते पाप खिडकीबाहेर उभं होतं, देव गळ्यात घालून!

पास्कल आत शिरला. दारात म्हणायचं असतं, ‘या घराला शांती असो.’ पास्कलनं ते म्हटलं नाही. सगुणा विझवायला घेतलेली मेणबत्ती हातात धरून तशीच उभी.

पास्कल म्हणाला, ‘‘लुकस, तुझं पाप न्हाई. म्या सांगितलं फादरला, तुला नको म्हनून. खोटं सांगितलं.’’

लुकसनं मान त्याच्याकडं वळवली. मग म्हणाला, ‘‘आईचं तोंड बघू दिलं न्हाईस, दादा. आन् आता देवाचंबी?’’

पास्कलनं डबी गळ्यातून काढली, पांढऱ्या कापडावर ठेवली आणि खाटेपाशी गुडघे टेकले. रडत होता. ‘‘माझ्या हातानं नको घेऊस. फादरला बोलावतो. त्या दिशी तुझ्यासाठी थांबाया पायजे होतं, लुकस. तासभर तरी थांबाया पायजे होतं.’’

सहा वर्षांत हे वाक्य कुणी बोललं नव्हतं. लुकसनं हात पुढं केला, थोरल्याच्या डोक्यावर ठेवला.

‘‘म्याबी नको ते बोललो, माणसांत. फादर कशाला? तूच दे. पन आधी बस जरा. लगीच उठून जाऊ नको.’’

त्या दिवशी लुकसला भावाच्या हातून परमप्रसाद मिळाला.

पास्कल तडक फादरांकडं गेला, सगळं सांगितलं. फादरांनी वर्षभर ती सेवा दुसऱ्याकडं दिली. गावात चर्चा झाली, खांब वाकला म्हणून. झाली तर झाली! पास्कल दर रविवारी लुकसकडं जायचाच. त्याला कुशीवर वळवायचा, पाठ पुसायचा, पेज भरवायचा. आता त्याच्यासाठी रस्त्यात कुणी हात जोडत नव्हतं.

आता तुमच्याकडं वळतो. उद्या रविवार, सातची मिस्सा. ‘आमेन’ म्हणून प्रभूला जिभेवर घ्याल. पण चर्चला येताना कुठल्या दारापाशी तुमची पावलं भराभर पडतात? कुठल्या खिडकीकडं मान वळत नाही? मला सांगू नका. मलाही माझं एक दार माहीत आहे, आणि मी कीर्तनकार आहे म्हणून ते आपोआप उघडलेलं नाही.

चहा ठेवलाय सगळ्यांसाठी. पण ज्याला त्या दाराकडं जायचंय त्यानं चहासाठी थांबू नये. अजून दिवे लागायचेत, माणसं अंगणातच असतील. उठा, जा!