संसार हा शब्द मराठीच आहे

हॅलो?… हो, मीच. बोल तनया… नाही, घरी नाही. पोस्टात आहे, रांगेत. चार-पाच माणसं आहेत पुढे, बोल तू.

…आईचा फोन आला ना तुला? मला वाटलंच… ते पत्र? त्याचंही सांगितलं तिने?… हो, आलं होतं. ती नाशिकला निघून गेली त्याच वर्षी. एवढंसं पत्र. 'मला दोष देता का?' बस. खुशालीसुद्धा विचारली नव्हती… नाही, नाही दिलं उत्तर… का म्हणजे? वाटायचं, नीट सुचलं की लिहू.

हो, हो… अगं ऐक ना. कॅबमध्ये आहेस ना तू? मग हळू बोल… ड्रायव्हरला मराठी कळत नसेल, ओरडणं कळतं.

आणखी काय म्हणाली?… 'तेराव्याचं जेवण कधी आहे?' असं म्हणाली?… म्हणणारच. इथल्या मराठी मंडळाचा अंक तिला अजून जातो, आजीव सभासद आहे ती. उघडला, तर नवऱ्याचा लेख. आणि शेवटी काय, 'माझ्या ओळखीची एक बाई जग सोडून गेली. मी तिला दोष देत नाही.' जिवंत बाईने काय म्हणावं यावर?

…नाही, मी तसं लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं 'संसार सोडून गेली'… संसार… लेख तू टाइप केलास ना?… हेमलताबाईंना विचारलं मी. संपादक आहेत त्या, म्हणाल्या, कानामात्रासुद्धा बदलला नाही, तुमच्या मुलीकडून आला तसाच छापला.

काय?… हिंदी शब्द होता म्हणून?… अच्छा. बाबांच्या हातून चुकून हिंदी शब्द पडला म्हणून तू मराठी केलास… जग. वा.

अगं, हिंदीत संसार म्हणजे जग. मराठीत संसार म्हणजे… घर. नवरा-बायको, भांडीकुंडी, गॅसचा नंबर लावणं, तुझे शाळेचे डबे. ते सगळं… तुला नाही माहीत, बरोबर आहे. आपल्याकडे तो शब्द कानावर पडण्यासारखं काही चाललंही नव्हतं.

…हो, मीच रागवायचो. 'चावल' म्हणालीस की ताट अडवून 'भात म्हण'… कबूल आहे… सगळ्या लेखात बदललंस, म्हणूनच. माझे सगळे अमेरिकन नायक वारले. एक जण जग सोडून जंगलात झोपडी बांधतोय. दुसरा जग सोडतो, नाव बदलतो आणि मग मोठ्या शहरात श्रीमंत होतो… हस, हस. हेमलताबाईही हसल्या.

"जी, मैं लाइन में ही हूँ… कोई बात नहीं, आप आगे हो जाइए।"… तुला नाही गं. एक जण पुढे घुसला… नाही, भांडत नाही मी. कधी भांडलोय?

…लेख कशावर होता? तू टाइप केलास ना?… न वाचता टाइप केलास. बरं. जन्मभर कॉलेजात शिकवलं तेच होतं त्यात. तिकडच्या जुन्या कादंबऱ्यांतला पुरुष. त्याला घर जड होतं, तो निघतो. कोणी बोटीवर, कोणी पश्चिमेला जमीन शोधत. मागे राहिलेलीचं काय झालं ते लेखक सांगत नाही, आणि आम्ही त्याला स्वातंत्र्य म्हणायचं. मुलं लिहून घ्यायची… बाई निघाली तर? शेवटच्या पानापर्यंत ती जगेल याचं काही खरं नसतं. हेही शिकवलं मी. परीक्षेत हमखास यायचं.

…हो, आणि घरी मी खुर्चीतून उठत नव्हतो. तेही सांगितलं वाटतं आईनं… खरं आहे. माझ्या हातातल्या पुस्तकात कोणीतरी घर सोडतोय, आणि प्रभा म्हणतेय, दूध उतू गेलं. मी पान उलटायचो… पुस्तकातला निघाला की नायक. तुझी आई निघाली तेव्हा अख्खी सोसायटी म्हणाली, पळाली… मी? मी काहीच म्हणालो नाही. कुणालाच. ते जास्त वाईट.

…शुद्धिपत्र? हेमलताबाई म्हणाल्या की, पुढच्या अंकात छापू, 'जग'ऐवजी 'संसार' वाचावे. मी नको म्हटलं.

…कारण ऐक. तुझ्यावर चिडलो नाही मी, खरंच नाही. अंक आला तेव्हा मी लेख दोन-तीनदा वाचला. आपलं नाव छापलेलं, माणूस वाचतोच. आणि ते वाक्य मला खटकलं नाही… 'एक बाई जग सोडून गेली.' मला बरोबर वाटलं ते. पुढे गेलो… मग हेमलताबाईंचा फोन, 'अहो, प्रभाताई गेल्या? कधी?' तेव्हा कळलं, माझ्या लेखी ती केव्हाच गेली होती.

…म्हणून पोस्टात आलोय. तिच्या पत्राला उत्तर… काय लिहिलंय? सांगतो. 'हो, दोष देतो. अजूनही. तू निघालीस ते बरोबर होतं, तरी देतो.'… एवढंच… फाडू? नाही… अगं, 'मी तिला दोष देत नाही' हे वाक्य माझं नव्हतंच, त्या पुस्तकांचं होतं. एवढं मोठं मन माझ्याकडे कुठून येणार? तिने माझ्याकडे लेख मागितला नव्हता. एक प्रश्न विचारला होता.

…क्रूर असेल… मलाही शंका आहेच. काल पाकीट उघडलं, चिकटवलं, पुन्हा उघडलं. शेवटी टेप लावली.

थांब, माझा नंबर आला. "जी, स्पीड पोस्ट. नाशिक, महाराष्ट्र… भेजने वाला मैं, विश्वनाथ… उनका मोबाइल नंबर?"… तनया, आईचा नंबर सांग, हे विचारतायत… माझ्याकडे कुठून असणार?… देणार नाहीस?… बरं… नाही, रागावलो नाही. तुझंही बरोबर असेल. "भाई साहब, दोनों जगह मेरा ही लिख दीजिए… हाँ, एक ही नंबर।"

…म्हणजे पोचल्याचा मेसेज मलाच येईल… अगं, तोलतोय तो आता… थांबवू म्हणतेस? आज थांबवलं तर मी पुन्हा सुचेपर्यंत बसून राहीन. तुला माहीत आहे मला… रडू नकोस, ऑफिसला पोचशील आता.

…शिक्का मारला… मागे पोत्यात टाकलं त्यानं. आता त्यातलं माझं कुठलं, तेही दिसत नाही… हो. गेलं.

…ठेवतो.