अस्वलासमोरची ज्येष्ठता

विषय: काशीदच्या डोंगरात अस्वल समोर आले असता झाडावर आधी कोणी चढावे, याबाबत.

एकोणीसशे चोवीस-पंचवीस सालची गोष्ट. मी आणि गोविंदराव, एकाच कचेरीतले दोन कारकून, मोजणीच्या कामाला डोंगरवाटेने निघालो होतो. वळणावर अस्वल. आम्हाला पाहून ते मागच्या पायांवर उभे राहिले. जवळ झाड एकच, आणि एकाने खांदा दिला तरच दुसऱ्याला चढता येईल असे.

"खांदा द्या," गोविंदराव पुटपुटले.

"मी का? नोकरीला मी आधी लागलो."

"पण नोकरीत कायम मी आधी झालो."

"त्याने ज्येष्ठता येत नाही, गोविंदराव."

"येते. तसा नियम आहे."

"दाखवा."

"आत्ता?"

साहेबापुढे वाद घालायची सवय, त्यामुळे दोघेही जागचे न हलता, हळू आवाजात, अदबीने भांडत होतो. अस्वलाने जरा वेळ ऐकले, हवा हुंगली, चारी पायांवर आले आणि करवंदीच्या जाळीत निघून गेले.

खाली जंगलाचा शिपाई भेटला, त्याला झाला प्रकार सांगितला. "बेस केलंत, भाऊसाहेब. उभं राहिलं म्हंजे अंगावर येतंय असं न्हाय, कोण हाय ते बघतंय. पळाला असता तर मागं लागलं असतं. आणि झाडावर ते तुमच्या आधी चढलं असतं. हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कचेरीने," गोविंदराव म्हणाले.

पुढे त्या वाटेने आम्ही नेहमी जोडीनेच गेलो, आणि भांडतच. ज्येष्ठतेचा अर्ज दोघांच्या सहीने वर पाठवला होता. आता दोघेही पेन्शनीत आहोत, प्रकृती उत्तम आहे. अर्ज विचाराधीन आहे.